दुसरी महानंदा

शांतम्मानं आपल्या लेकीला तिच्या नावानं कधी हाक मारली नाही. पोरी म्हणायची, अगं म्हणायची, फारच माया दाटून आली तर माय म्हणायची. गावातल्या बायकांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं, खेड्यात निम्म्या पोरींना अशाच हाका मारतात. पण पोरीच्या ते ध्यानात आलं होतं. कधी आलं ते शांतम्माला ठाऊक नव्हतं. आलं होतं एवढं खरं.

पोरीचं नाव महानंदा. आणि याच नावाची शांतम्माला याआधी एक लेक होती.

ती पहिली महानंदा चौथीत होती. तिच्या पाठचा गुरुबसप्पा अजून शाळेतही जात नव्हता. भूकंपाच्या पहाटे दोघं माळवदाच्या, जड मातीच्या छताच्या घरात भिंतीच्या अंगाला झोपली होती, शांतम्मा दाराच्या अंगाला. तिचा नवरा शिवमूर्ती शेतात जागलीला गेला होता म्हणून वाचला. शांतम्माला दुपारी बाहेर काढलं तेव्हा तिच्या तोंडात, कानात, डोळ्यांत पांढरी माती होती. पोरांना दिवस मावळता मावळता काढलं. घर लिंगायताचं, त्यामुळं जाळायचं नव्हतं. मातीतून काढलेली लेकरं पुन्हा मातीतच ठेवायची होती. शांतम्मा तिकडं गेली नाही. "आत्ताच तर काढली की त्यान्ला," एवढंच ती म्हणत राहिली.

मग उरलेलं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलं. गुरुबसप्पाच्या बाळंतपणातच शांतम्माचं ऑपरेशन झालेलं होतं, दोन पुरेत म्हणून. आता सरकारी डॉक्टर शेडमध्ये येऊन सांगू लागले की ज्यांची सगळीच लेकरं गेली त्या बायांचं ऑपरेशन आम्ही मोकळं करून देतो. बाया जीपमध्ये बसून लातूरला जाऊ लागल्या. शांतम्माला जायचं नव्हतं. आपल्या पोटात पुन्हा कुणी यावं असं तिला वाटतच नव्हतं. पोट म्हटलं की तिला आता भीती वाटायची.

एके दिवशी थोरला दीर गुरुपादप्पा शेडच्या दारात येऊन उभा राहिला. आत न येताच शिवमूर्तीला म्हणाला, "हिला जायचं नसंल तर नको जाऊ दे. आपन दुसरी पोरगी बगू. घराला पुढं कोनी पायजे का न्हाई?"

शिवमूर्ती काही बोलला नाही. हाव म्हणाला नाही, न्हाईही म्हणाला नाही. चपलेला लागलेला चिखल काडीनं काढत बसला. शांतम्मा चुलीपाशी बसून वाट बघत होती की हा माणूस आता तोंड उघडेल. दुसऱ्या दिवशी ती जीपमध्ये बसली.

भूकंपानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मुलगी झाली. बारसं शेडमध्येच झालं. नणंदेनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव घेतलं आणि उठून मोठ्यानं सांगितलं, "महानंदा परत आली गं बायांनो!" बाया रडायला लागल्या. शिवमूर्ती उपरण्यात तोंड घालून हमसला. शांतम्मा म्हणाली, "त्ये नाव नको. त्ये तिचं हाय." पत्र्यावर पाऊस वाजत होता. कुणी ऐकलं नाही. की ऐकूनही बाळंतिणीचं बोलणं काय मनावर घ्यायचं म्हणून सोडून दिलं, कोण जाणे.

शिवमूर्तीनं मात्र ते नाव तोंडभर घेतलं. शेतातून आला की फाटकातूनच हाक: महानंदा! शाळेत घालताना, चप्पल घेताना, जत्रेत, सगळीकडं महानंदा. पहिली महानंदा एकदा बाभळीचा काटा घेऊन शेळीला इंजेक्शन देत बसली होती, मी डॉक्टर होणार म्हणाली होती. लेकरं काय, उद्या मास्तर होणार म्हणतात, परवा कंडक्टर. पण ती गेली आणि तो शब्द मागं राहिला. शिवमूर्ती दुसरीला सांगायचा, "तू डॉक्टर हुनार म्हनली व्हतीस." पोरगी लहान असताना खरंच समजायची की आपणच कधीतरी म्हणालो असू.

दहावी झाली तशी त्यानं तिला लातूरला क्लासला घातलं. लातूर तोवर क्लासांचं गाव होऊन बसलं होतं. चौकाचौकात नंबरात आलेल्या पोरापोरींचे फोटो लावलेले मोठमोठे फलक, सकाळच्या रस्त्यावर नुसत्या सायकली आणि दप्तरं. रेणापूर, जळकोट, कंधार, कुठकुठून आयाही येऊन राहायच्या, एकेक खोली धरून पोरांना रांधून घालायच्या. शांतम्माही तशीच आली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, वर सिमेंटचा स्लॅब. पहिले कित्येक महिने ती त्या स्लॅबकडं बघत पडून राहायची.

त्या खोलीत मायलेकींनी दोन वर्षं काढली. पोरगी वाईट नव्हती अभ्यासात, पण चाचणी असली की सकाळी मोरीत जाऊन ओकायची. तोंड धुऊन, सायकल काढून निघून जायची. शांतम्मा म्हणायची, "राहू दे आज." ती म्हणायची, "अप्पाला काय सांगू?"

एकदा क्लासातून आल्या आल्या तिनं विचारलं, "अव्वा, मपलं नाव कोनी ठेवलं?"

"तुज्या आत्यानं."

"पोरी हसतेत. आजीचं नाव ठेवलं का म्हनतेत. आमच्या बॅचला ऋतुजा म्हनून तीन-चारजनी हायेत, महानंदा मी एकटीच." मग थोडं थांबून, "तुला आवडतं का हे नाव?"

"भाजी लागंल बुडाला. सरक तिकडं," शांतम्मा म्हणाली.

बारावीचा आणि प्रवेश परीक्षेचा निकाल आला. मेडिकलला लागतील तेवढे मार्क पडले नाहीत. थोडक्यात हुकले असंही नाही, बरेच कमी होते. शिवमूर्ती गावाहून आला तेव्हा त्यानं वाटेतच पुढच्या वर्षाची चौकशी करून ठेवली होती. रिपीटरांची वेगळी बॅच असते, त्यात घालायचं. तो भिंतीला टेकून बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आनखी एक वरीस. व्हतंय."

पोरीनं तेव्हा सांगितलं. मैत्रिणीबरोबर नेटकॅफेत जाऊन तिनं परस्पर सगळं भरलं होतं. नांदेडच्या विद्यापीठात बी. फार्मला नंबर लागला होता, तिथल्याच होस्टेलात जागाही मिळाली होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

"औषधाच्या दुकानात बसनार?" शिवमूर्ती म्हणाला.

"बसन."

"महानंदानं असं अर्ध्यात सोडलं नसतं."

"कोनती महानंदा, अप्पा?"

शिवमूर्तीचा चेहरा असा झाला जणू भर बाजारात कुणी त्याच्या थोबाडीत मारली. तो उठला, चपला घातल्या. शांतम्मा दारापर्यंत गेली आणि लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या शब्दाच्या आडवं बोलली, "जाऊ द्या तिला."

"तूच नेऊन घाल मग. मी येत न्हाई," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

शांतम्माला खरं सांगायचं तर हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी मायलेकी खरेदीला गंजगोलाईच्या बाजारात गेल्या. होस्टेलला काय लागतं हे दोघींनाही धड माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या बाईनं सांगितलं होतं तेवढं घेत गेल्या: गादी, उशी, बादली, मग, कडीकुलूप, दोरी, कपडे अडकवायचे चिमटे. गादीवाल्यानं गादी गुंडाळून सुतळीनं आवळली तेव्हा पोरगी तिच्यावर बसून बघायला लागली आणि दोघी हसल्या. शांतम्माला वाटलं, हिला हसताना किती दिसांनी बघतोय आपण. उसाचा रस प्यायल्या. पोरगी म्हणाली, "तिथं गोदावरी लई जवळ हाय म्हनं, अव्वा." शांतम्मा म्हणाली, "पान्यात जाऊ नको."

शेवटी भांड्यांच्या दुकानात गेल्या. ताट, वाटी, पेला, झाकणाचा डबा काढून ठेवला. दुकानदार बोलका होता. "होस्टेलला चालली का ताई? मग नाव टाकूनच घ्या. न्हाईतर पहिल्या आठवड्यात ताट दुसऱ्याच्या खोलीत जातंय." त्यानं नाव कोरायचं यंत्र पुढं ओढलं, ताट उपडं केलं आणि शांतम्माकडं बघितलं. "काय टाकू, मावशी?"

"पोरीचंच टाका."

"हाव, पन नाव काय पोरीचं?"

शांतम्मानं पोरीकडं बघितलं. पोरगी स्वतः सांगू शकली असती. नेहमी तीच सांगायची, दवाखान्यात, क्लासात, घरमालकाला. आज ती हाताची घडी घालून उभी राहिली. डोळे आईच्या तोंडावर.

शांतम्माला आठवलं ते निलंग्याचं दुकान. असंच काउंटर, असंच उपडं ताट. तेव्हा कडेवर पहिली लेक होती, वर्षाची, आणि तिनं मोठ्या दिमाखात सांगितलं होतं, चि. महानंदा टाका, अक्षर मोठं काढा. तेव्हा ते नाव कसं तोंडातून सुटलं होतं. आता ती तोंड उघडायला गेली आणि घशात पांढरी माती आली.

"शिवमूर्ती टाका," ती म्हणाली.

"मपलं नाव शिवमूर्ती न्हाई," पोरगी म्हणाली.

दुकानदार एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. "काय टाकू मग?"

"काहीच टाकू नका, काका. तसंच द्या." आणि ती गादी उचलून दुकानाच्या पायऱ्या उतरली.

दोघी खोलीवर आल्या. पोरीनं पिशवी उघडून कपडे भरायला घेतले. एक सलवार घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची.

"एकदा म्हन," ती आईकडं न बघता म्हणाली. "मी उद्या चालले. एकदा मपल्या तोंडासमोर म्हन."

"मला जमत न्हाई, पोरी."

"कामून? मी तिच्यासारखी न्हाई म्हनून?"

"तुला तिच्यासारखी हो म्हनून मी कधी म्हनले?"

"अप्पा म्हनतेत. आत्या म्हनती. सगळं गाव म्हनतंय. तू तोंडानं म्हनत न्हाईस एवढंच. त्ये लोक चुकीचं का होईना, मला हाक तरी मारतेत. तू तर मला हाकेलाबी धरलं न्हाईस. तुला ती पायजे व्हती. ती न्हाई मिळाली म्हनून मला चालवून घेतलंस, असंच ना?"

शांतम्माला काय काय सांगायचं होतं. ती आयुष्यात कधी लांबलचक बोललेली नव्हती. तिनं सुरुवात केली ती भलत्याच ठिकाणावरून. "मला जीपमधी बसायचं नव्हतं," ती म्हणाली. मग गुरुपादप्पा दारात येऊन काय बोलला ते सांगितलं, शिवमूर्ती कसा गप्प बसला ते सांगितलं, लातूरच्या दवाखान्यात ओळीनं झोपवलेल्या बाया, त्यातली एक सारखी लेकरांची नावं घेत होती, ते सांगितलं. पोरगी कपड्यांच्या घड्या सोडून ऐकत होती. शांतम्माला वाटलं की ही समजतेय, आता पुढचं सांगावं. आणि ती म्हणाली, "मला कोनीच नको व्हतं गं. तू बी नको व्हतीस."

हे निम्मं होतं. उरलेलं निम्मं असं होतं की तू आलीस तेव्हा तुझ्या तोंडाकडं बघून मला कळलं की तू ती नाहीस, कुणी दुसरीच आहेस. आणि सगळं जग तुला तिचं नाव देऊन तिच्या जागी बसवत असताना निदान माझ्या तोंडी तरी तू तूच राहावीस म्हणून मी ते नाव घेतलं नाही. पण हे शांतम्माला मनातसुद्धा इतकं सरळ कधी मांडता आलं नव्हतं. ती शब्द शोधत राहिली. तेवढ्यात पोरीनं सलवार पिशवीत कोंबली.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मलाबी तसंच वाटत व्हतं."

"तसं न्हाई, माय..."

"कुलूप कुठं ठेवलंस? त्ये वरच ठेव, लगेच लागंल."

त्यानंतर शांतम्मानं दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. दर वेळी पोरगी कामाचंच बोलली. साबण घेतला का, फोटो कुठं आहेत, बस किती वाजता.

सोमवारी नांदेडची बस धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. पोरीनं खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होते, पण ती झोपलेली नव्हती. तिच्या मांडीवरची बादली गचका बसला की ती बरोबर धरत होती. विद्यापीठाचं फाटक नांदेडच्या अलीकडं रस्त्यावरच होतं. तिथं उतरून दोघींनी गादी एकेका टोकाला धरली आणि होस्टेलपर्यंत चालत गेल्या. सगळीकडं अशाच गाद्या, बादल्या, बॅगा, घामाघूम झालेले बाप आणि सूचना देणाऱ्या आया.

खोलीत तीन खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर कंधारची एक पोरगी आधीच बसलेली, तिची आई कपाटात कागद अंथरत होती. त्या पोरीनं हसून विचारलं, "तुझं नाव काय?"

"ऋतुजा."

शांतम्मा गादी पसरत होती. तिचे हात थांबले.

"कागदावर दुसरं हाय," लेक म्हणाली, "पण मला ऋतुजाच म्हणायचं."

"बरंय, ऋतुजा. मी मनस्विनी," ती म्हणाली आणि लगेच दोघी पाणी कुठं येतं, जेवण कधी असतं यावर बोलायला लागल्या. एवढ्यात नाव झालंसुद्धा. शांतम्मानं गादीवर चादर घातली, कोपरे खोचले. कंधारची बाई म्हणाली, "बरं झालं, पोरींचं जमलं." शांतम्मा हाव म्हणाली.

तिला राग आला नाही. उलट मनातल्या मनात तिनं ते नाव घेऊन बघितलं, तर ते कुठं अडलं नाही. ऋतुजा. त्या नावाखाली कुणी पुरलेलं नव्हतं. अठरा वर्षांत जे झालं नाही ते आता होईल असं काहीतरी तिला वाटलं, आणि तिला घाई झाली.

निघताना पोरगी जिन्यापर्यंत सोडायला आली. शांतम्मानं तिच्या गालावरून हात फिरवला. "येते मी, ऋतुजा," ती म्हणाली. "जपून ऱ्हा."

पोरगी लाल झाली. तिनं मागं वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना ते. मग हळू, पण स्पष्ट म्हणाली, "तू नको म्हनू त्ये."

"कामून?"

"त्ये मी मपलं मी ठेवलंय. हितल्या लोकांसाठी हाय. घरच्यांसाठी न्हाई."

"मग मी काय म्हनू?"

"म्हनत व्हतीस तेच म्हन." आणि ती वर गेली. तिच्या नव्या चपलांचा आवाज पहिल्या मजल्यावरून ऐकू येत होता, मग इतर पोरींच्या आवाजात मिसळून गेला.

शांतम्मा गावी पोचली तेव्हा शिवमूर्ती ओट्यावर बसला होता. तो तिची वाट बघत होता, पण बघत नसल्यासारखा. तिनं हातपाय धुतले. मग न राहवून तो म्हणाला, "पोचली का महानंदा?"

"पोचली." शांतम्मा पदराला हात पुसत म्हणाली. "पन तिथं तिनं नाव बदललंय. महानंदा म्हनायचं न्हाई म्हनली."

शिवमूर्तीनं समोरच्या रस्त्याकडं तोंड फिरवलं. "मंजी ती गेलीच म्हन की," तो म्हणाला. मग तो रडला. मोठ्यानं, दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून, शेजारची माणसं दारात येऊन बघतील इतक्या मोठ्यानं.

शांतम्मा त्याच्याजवळ गेली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली. "कोनासाठी रडायलात?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तो तसाच रडत राहिला. म्हैस दावं ओढत होती, तेव्हा शांतम्मा तिला पाणी दाखवायला निघून गेली.

दिवाळीला पोरगी आली. अंगानं थोडी भरली होती, केस कापले होते. सगळ्यांशी नीट बोलली, आत्याच्या पाया पडली, आईला पुऱ्या लाटू लागली. शिवमूर्ती तिला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हता. जेवायला बोलवायचं असलं तर शांतम्माकडं बघून म्हणायचा, "जेवून घ्या म्हनावं." शांतम्मा पोरी म्हणायची, आणि पोरगी परक्या घरी पाहुणी गेल्यासारखी लगेच उठून यायची. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. अजून सुट्टी शिल्लक होती, पण अभ्यास आहे म्हणाली. शांतम्मानं चकल्यांचा डबा पिशवीत घातला. बस आली, पोरगी चढली. शांतम्माला तिला खिडकीशी बोलवायचं होतं, पण सोबतीला आणखी दोघी-तिघी पोरी चढल्या होत्या आणि पोरी म्हटलं असतं तर सगळ्यांनीच वळून बघितलं असतं. बस फाट्यावरून नांदेडकडं वळली.